'ट्रिपल सेव्हन मार' म्हणणाऱ्यांनो

मंडळी, हा लेख तुमच्यावर आहे, आणि त्यातला एक फटका माझ्या स्वतःच्या पाठीवर आहे. तो कुठे बसतो ते वाचताना कळेलच.

तुमच्यापैकी निम्मे जण तरी संगणकाच्या धंद्यात आहेत असं मी धरून चालतो. उरलेल्यांनी लगेच खिडकी बंद करू नये. तुमच्या घरातला कोणीतरी त्या धंद्यात असेलच, आणि त्याच्या फोनवर कधी ना कधी असा मेसेज येतो: 'दादा, लिनक्सवर परमिशन डिनाइड येतंय, काय करू?' मग तो एका हाताने चहा घेत दुसऱ्या हाताने उत्तर देतो: 'ट्रिपल सेव्हन मार.' किंवा 'पुढे सुडो लाव.' पुढच्या मिनिटाला तिकडून हात जोडलेलं चित्र येतं, आणि आपल्याला परोपकार केल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की हा परोपकार नाही. ही टाळाटाळ आहे, आणि तिची किंमत ज्याच्याकडे दुसरा लॅपटॉप नसतो त्याला मोजावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, कारण ही सगळी हकीकत फोनवरच्या आवाजात घडली. टर्मिनलवर टाकताना तुम्ही त्या तुमच्या सवयीने टाकालच.

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'सनाया'च्या, कडेला बरवा अल बराहा आहे. कामगारांसाठी बांधलेली वसाहत, एकसारख्या इमारतींच्या रांगा, आणि शेजारी ट्रक-बस उभ्या करायची अफाट जागा. दोह्यातल्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण तिथून गाडीने गेले असतील, आत गेलेले थोडे. तिथल्या एका खोलीत सांगली जिल्ह्यातला एक मुलगा राहतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन, मराठी माध्यम, देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीत हेल्पर. इमारतींच्या एसी यंत्रणेला जे कंट्रोलर असतात, त्यांच्याशी लॅपटॉपवरून बोलायचं आणि रीडिंग काढायची, हे काम त्याने सीनियरच्या मागे उभं राहून शिकून घेतलं. कंपनीने टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर उबुंटू घातलं, यूएसबीला लावायची सिरियल केबल स्वतःच्या पैशांनी घेतली. हेल्परचा टेक्निशियन व्हायचं, एवढाच त्यामागचा हिशोब.

केबल लावली, पोर्ट उघडायला गेला, आणि पडद्यावर 'परमिशन डिनाइड'. गुरुवारी रात्री त्याने आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'सुडो लावून सीएचमॉड ट्रिपल सेव्हन मार त्या डिव्हाइसवर.' त्याने मारलं. चाललं. हात जोडलेलं चित्र आलं.

शनिवारी साइटवर त्याने केबल काढून पुन्हा लावली, आणि पुन्हा 'परमिशन डिनाइड'. चूक त्याची नव्हतीच. टीटीवाय-यूएसबी-झीरो ही डिस्कवर पडून राहणारी फाइल नाही. केबल लावली की यूडेव्ह ती त्या क्षणी तयार करतं, नियमाप्रमाणे मालक रूट, ग्रुप डायलआउट, परवानगी ६६०. केबल काढली की ती नाहीशी होते, आणि तुमचं ट्रिपल सेव्हन तिच्याबरोबर जातं. उत्तर देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून सांगायचा कंटाळा आला, याला आता अर्थ नाही.

दुसरं उत्तर देणारा मी. मीटिंगमध्ये बसलो होतो. प्रश्न बघितल्याबरोबर कळलं की याला डायलआउट ग्रुपमध्ये घालायला हवं, आणि कळलं याचाच मला आनंद झाला. मी बाहेर येऊन आवाजी मेसेज टाकला: 'सुडो, युजरमॉड, मायनस कॅपिटल जी, डायलआउट, आणि तुझं नाव.' त्याने टाकलं. टर्मिनल काही बोललं नाही. यशस्वी झालेली कमांड गप्प बसते, हे त्या जगातलं जुनं वळण आहे. अर्धवट घात केलेली कमांडही तशीच गप्प बसते, हे मात्र आपण कोणाला सांगत नाही. पोर्ट तरीही उघडेना. मी म्हटलं, लॉगआउट करून परत लॉगिन कर. त्याने केलं, पोर्ट उघडला, रीडिंग आली. मी माझ्या कामाला लागलो.

संध्याकाळी त्याचा फोन आला. 'काका, सुडोच चालंना झालंय. म्हणतंय तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही.'

ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. युजरमॉडला नुसतं कॅपिटल जी दिलं की त्याचा अर्थ 'हाही ग्रुप दे' असा होत नाही. 'याचे जादाचे ग्रुप एवढेच, बाकीचे काढ' असा होतो. आधीच्या यादीत भर घालायची तर त्याच्याबरोबर स्मॉल ए लागतो. मी तो ए बोललो नाही. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याला सुडो चालवता येतं ते केवळ तो सुडो नावाच्या ग्रुपमध्ये असतो म्हणून. माझ्या एका गाळलेल्या अक्षराने त्याला त्याच्याच मशीनवरून प्रशासक पदावरून खाली उतरवलं. उबुंटूत रूटचा पासवर्डही मुळात ठेवलेला नसतो, त्यामुळे समोरच्या दाराने परत शिरायची वाट नाही.

आणि हे टाळता आलं असतं. लॉगआउट करायच्या आधी मी त्याला एवढंच म्हणालो असतो की 'नुसतं आयडी टाक, मग आयडी आणि तुझं नाव टाक, आणि दोन्हींचा फोटो पाठव', तर तिथेच सापडलं असतं. या दोन कमांड दिसायला सारख्या, पण विचारतात वेगळ्या ठिकाणी. नुसतं आयडी सांगतं की आत्ता चालू असलेल्या या सत्राकडे कोणते ग्रुप आहेत. नावासकट आयडी सांगतं की नोंदवहीत, म्हणजे एटसी-ग्रुप फाइलमध्ये, काय लिहिलंय. सत्र सुरू होताना ही यादी एकदाच वाचली जाते, मग फाइलमध्ये काहीही बदला, जुन्या सत्राला त्याचा पत्ता नसतो. म्हणून नवीन ग्रुप लगेच लागू होत नाही. आणि म्हणूनच काढून टाकलेला ग्रुपही लगेच जात नाही: लॉगआउट होण्याआधीच्या त्या टर्मिनलकडे सुडोचा हक्क तेव्हा शिल्लक होता, एका ओळीत दुरुस्ती झाली असती. मीच त्याला लॉगआउट करायला लावलं. दार लावून घ्यायला मीच सांगितलं, किल्ली आत.

तिसरं उत्तर ग्रुपवर तयारच होतं: 'फॉरमॅट मार, पेन ड्राइव्हवरून नवीन टाक, अर्ध्या तासाचं काम.' पोरगा खाली दुकानात जाऊन पेन ड्राइव्ह घेऊन आला होता. लॅपटॉपवर चार इमारतींची तीन महिन्यांची रीडिंग होती, दुसरीकडे कुठे नव्हती. त्याने फक्त एक विचारायला मला फोन केला होता: 'रीडिंग राहतील ना, काका?' म्हणून वाचलं. फॉरमॅट म्हणजे पुसलं जाणं, हे सांगायचं त्या उत्तर देणाऱ्या भल्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं, कारण त्याच्या जगात सगळं आपोआप क्लाउडवर जातं.

मी म्हटलं, कशालाही हात लावू नकोस. पुढच्या शुक्रवारी गेलो.

दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली, तीही तुमच्या उपयोगाची म्हणून सांगतो. आधी काहीही बदलायच्या आत आम्ही एटसीमधली 'ग्रुप-' नावाची फाइल उघडून बघितली. नावाच्या शेवटी एक आडवी रेघ असलेली ही फाइल म्हणजे शेवटच्या बदलाआधीची प्रत. युजरमॉड ती स्वतःहून ठेवतं, आणि वर्षानुवर्षं लिनक्सवर काम करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती उघडलेली नसते. त्यात त्याचं नाव सुडो, प्लगडेव्ह, एलपीॲडमिन अशा ज्या ज्या ओळींत होतं, त्या त्याने वहीत उतरवून घेतल्या. मग मशीन बंद-चालू केलं, ग्रबच्या यादीतून रिकव्हरी मोड, तिथून रूटचं टर्मिनल. डिस्क तिथे फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून माउंट, मायनस ओ, रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू, स्लॅश. नंतर युजरमॉड, मायनस स्मॉल ए कॅपिटल जी, आणि वहीतले ग्रुप स्वल्पविरामांनी जोडून, मध्ये मोकळी जागा न सोडता. रीबूट. सुडो परत आलं. (डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर लॅपटॉप हातात असलेला कोणीही याच वाटेने मालक होऊ शकतो, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. मला ते सांगावं लागलं नाही.)

मग त्याने विचारलं, 'तो ए म्हणजे काय?' मी म्हटलं, अपेंड, भर घाल. तो म्हणाला, 'म्हणजे ए नसला की आधीचं पुसून नवीन लिहितंय?' मी म्हटलं हो. तो थोडा वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, 'मग हे तवाच सांगायचं की, काका.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

तुमची उत्तरं मला पाठ आहेत, कारण तीच मी स्वतःला देत आलोय. पहिलं, वेळ नाही. माझ्या आवाजी मेसेजला अकरा सेकंद लागली होती. 'आधी आयडी टाकून फोटो पाठव' याला चार लागतात. वेळेचा हा हिशोब खोटा आहे. खरी अडचण अशी की फोटो मागितला की आपण त्या प्रश्नात अडकतो, आणि कमांड फेकली की सुटतो.

दुसरं उत्तर जास्त विषारी आहे: 'त्याला लिनक्स शिकायचं नाहीये हो, त्याचं काम व्हायला हवं.' हे कोणी ठरवलं? ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा नवा इंजिनिअर हाच प्रश्न घेऊन आला, तर आपण खुर्ची ओढून बसतो, ग्रुप म्हणजे काय इथपासून सुरू करतो, कारण तो आपल्यातला आहे, उद्या तो टीम लीड होईल. बरवा अल बराहातून प्रश्न आला की कारण नको, नुसती कमांड. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं झालं तरी चालेल, औषध दिल्याचं समाधान पुरे. त्याने कारण मागितलं नव्हतं असं म्हणू नका. आपण कारण देतो हेच त्याला माहीत नव्हतं.

इथे थोडं कतारविषयी. २०२० च्या सप्टेंबरपासून इथे नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. मार्च २०२१ पासून किमान मूळ पगार १००० रियाल आहे, कंपनीने राहणं-जेवण दिलं नाही तर त्याचे ५०० आणि ३०० वेगळे. कायद्याने दार उघडलं. प्रत्यक्षात किती उघडलंय यावर वेगळा लेख होईल. पण दार उघडं असलं तरी बाहेर पडताना हातात काहीतरी असावं लागतं. या मुलाच्या हातात पाठ केलेल्या कमांड असतील, तर मुलाखतीत 'डायलआउट का?' या पहिल्या उपप्रश्नाला तो हेल्परच राहील. कारण माहीत असेल तर तो टेक्निशियन आहे. हा फरक त्या एका ए इतका बारीक आहे आणि पगारात दिसतो.

आता त्या संदेशाकडे या. आपण कायम म्हणतो, 'अरे, एरर नीट वाच.' काय वाचायचं? 'परमिशन डिनाइड' हे अर्धंच वाक्य आहे. कोणाला नाकारली, कशाची नाकारली, कोणी नाकारली, यातलं काहीच त्यात नाही. ते उरलेलं वाक्य पूर्ण करायचं म्हणजेच बिघाड शोधायचा. मी कोण, ते आयडी सांगतं. वस्तू कोणाची, ते एलएस मायनस एल सांगतं. आणि तिसरा प्रश्न, जो सगळे विसरतात: तिथवर जायची वाट उघडी आहे का? फाइलवर सगळ्यांना परवानगी असली, पण वरच्या एखाद्या फोल्डरवर एक्सचं अक्षर नसलं, तर तुम्ही तिथे पोहोचतच नाही. खोलीचं कुलूप काढलं तरी जिन्याचं दार बंद, असा प्रकार. त्यासाठी नेमआय, मायनस एल अशी कमांड आहे. ती मुळापासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी मालक-ग्रुप-परवानगीसकट दाखवते. ट्रिपल सेव्हनवाल्यांना ती कधीच लागत नाही, कारण ते वाटेतलं सगळंच उघडं टाकत जातात.

आणि उघडं टाकलं म्हणून काम होतं असंही नाही, ही खरी गंमत. आपल्यातल्याच एका जाणत्याने सर्व्हरवर स्वतःच्या होम फोल्डरला खालपर्यंत ट्रिपल सेव्हन मारलं. दुसऱ्या दिवशी त्याची एसएसएच की चालेना. एसएसएच सर्व्हर बघतो की होम फोल्डर किंवा त्यातलं डॉट-एसएसएच दुसऱ्या कोणालाही लिहिण्याजोगं आहे. मग तिथल्या किल्लीवर विश्वास कसा ठेवायचा? तो ठेवत नाही. पासवर्डने यायची सोय बंद होती. सगळी दारं उघडणारा गृहस्थ बाहेर. याच्यावरची पायरी म्हणजे स्लॅश-यूएसआरला हाच प्रयोग करणं. तसं केलं की सुडोच्या फाइलवरचा सेट-यूआयडीचा बिट पुसला जातो आणि सुडो स्वतःच चालायचं नाकारतं. सामान्य माणसाने चालवलेला प्रोग्राम मालकाच्या हक्काने चालावा, ही त्या बिटामागची कल्पना डेनिस रिची यांची. १९७९ साली त्याचं पेटंट मिळालं. इतक्या विचाराने बसवलेली गोष्ट आपण तीन आकड्यांनी उडवतो.

नंतरच्या शुक्रवारी खोलीतले आणखी दोघे येऊन बसले. लॅपटॉप एक आणि वापरणारे तीन, म्हणून तिघांची वेगळी खाती करायचं ठरलं, आणि तिथे पुढचा गोंधळ. एकाने फोनवर शोधून युजरॲड टाकलं. खातं झालं, पण होम फोल्डर नाही, पासवर्ड नाही, लॉगिन होईना. उबुंटू-डेबियनच्या घराण्यात युजरॲडला स्मॉल एम दिल्याशिवाय ते होम फोल्डर करत नाही. रेडहॅटच्या घराण्यात करतं. त्याउलट ॲडयुजर हे डेबियनमध्ये प्रश्न विचारत विचारत सगळं करून देणारं वेगळं साधन आहे, आणि रेडहॅटमध्ये ते युजरॲडचंच दुसरं नाव. एका घराण्याची पाककृती दुसऱ्याच्या चुलीवर, आणि सांगणारा कोणत्या घराण्यातला ते सांगतच नाही. दुसऱ्याने स्मॉल पी लावून पासवर्ड तिथेच दिला होता. तो पर्याय साधा पासवर्ड घेतच नाही, आधीच सांकेतिक केलेला घेतो. म्हणजे त्याने दिलेली अक्षरं जशीच्या तशी शॅडो फाइलमध्ये जाऊन बसली आणि ती कोणत्याही पासवर्डशी कधीच जुळणार नाहीत. ट्रिपल सेव्हन इथे काय करणार?

आकड्यांचं मात्र त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजलं. लिनक्सचं कर्नल नाव ओळखत नाही, फक्त आकडा ओळखतं. नाव ही आपल्या सोयीसाठी पासवर्ड फाइलमध्ये लिहिलेली पाटी. मी हे सांगायला लागलो तेवढ्यात एकजण खिशातून कतार आयडी काढून म्हणाला, 'हे असंच की.' त्याचं नाव पासपोर्टवर एक, कंपनीच्या कागदावर दुसरं, बँकेत तिसरं. पण अकरा आकडे सगळीकडे तेच, मध्ये भारताचा ३५६. मी वीस वर्षं यूआयडी शिकवतोय, इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

आणि त्या उदाहरणातूनच एक गंभीर गोष्ट निघाली. खोलीतली माणसं बदलतात. कोणी सुटीवर जातो, कोणी कायमचा. त्याचं खातं युजरडेल करून काढलं की होम फोल्डर तसंच राहतं, स्मॉल आर दिल्याशिवाय. त्या फायलींवर मालक म्हणून आता नुसता आकडा दिसतो, समजा १००२. युजरॲड नवीन खात्याला आकडा देताना सध्याच्या सर्वात मोठ्या आकड्याच्या पुढचा देतं. शेवटचंच खातं काढलं असेल तर नव्या माणसाला तोच १००२ मिळतो, आणि गेलेल्या माणसाच्या सगळ्या फायलींचा तो मालक होतो. कोणी फोडलं नाही, कोणी चोरलं नाही, नियमानेच झालं. आणि या लॅपटॉपांवर असतं काय? पासपोर्टच्या स्कॅन केलेल्या प्रती, घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, करारपत्रं. कतार आयडीचा आकडा दुसऱ्याला देत नाहीत. यूआयडीचा देतात, आपण लक्ष ठेवलं नाही तर. म्हणून माणूस गेला की खातं काढायची घाई करू नये. ते मुदत संपलेलं करून ठेवावं, फायली त्याला पाठवाव्या, मग पुसावं. आधीच काढलं असेल तर फाइंडला मायनस नोयुजर देऊन बेवारस फायली शोधाव्या. फोनवर 'डिलीट मार' सांगणाऱ्यांपैकी हे कोणी सांगतं का? मला तरी कोणी आढळला नाही, आणि आत्तापर्यंत मीही सांगत नव्हतो.

एक आक्षेप मला खरोखर मान्य आहे. हल्ली ही पोरं आपल्याला विचारतातच कुठे, एआयला विचारतात. खरं आहे. त्यांच्या फोनवर मी त्याची उत्तरं बघितली. एकात स्मॉल ए होता, आणि तो नसला तर काय होतं हेही लिहिलं होतं. म्हणजे माझ्यापेक्षा बरं. दुसऱ्यात डॉकर ग्रुपमध्ये घालायची कमांड होती आणि त्या ग्रुपमध्ये घालणं म्हणजे जवळपास रूटचे हक्क देणं, याचा उल्लेख नव्हता. उत्तरं इंग्रजीत होती, मराठीत मागितली की कमांडच्या मधल्या शब्दांचंही भाषांतर होऊन गोंधळ. पण मुद्दा तो नाही. यंत्र आपल्यापेक्षा सविस्तर बोलतं याची शरम आपल्याला वाटायला हवी, त्याऐवजी आपण सुटका झाल्यासारखं वागतोय. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही: सांगलीच्या मराठीत, त्याच्या खोलीत, त्याच्या मशीनसमोर बसून 'थांब, आधी बघू' म्हणता येणं.

तुम्ही न्यू जर्सीत असाल, सिंगापूरला असाल, तर बरवा अल बराहाला येऊ शकणार नाही, मान्य. पण असा मेसेज तुमच्याही फोनवर येतो: कधी गावाकडच्या पुतण्याचा, कधी मंडळातल्या नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचा. पुढच्या वेळी ट्रिपल सेव्हन टाकायला बोट उचललंत की एवढं करा: आयडीचा फोटो मागा, एलएस मायनस एलचा मागा, आणि मग जे सांगाल त्यातल्या प्रत्येक अक्षराचं कारण एका वाक्यात सांगा. स्वतःला ते वाक्य येत नसेल तर कमांडही देऊ नका. गप्प बसा, दुसऱ्याला सांगू द्या. मला त्या दिवशी कोणीतरी गप्प बसवायला हवं होतं.

शुक्रवारचे आता पाचजण झालेत. तिघांनी मिळून वापरायचं एक सामाईक फोल्डर केलं, ग्रुप नेमला, त्यावर सेट-जीआयडी लावलं, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्या ग्रुपच्याच नावावर होते. तरी एकाची फाइल दुसऱ्याला बदलता येईना. या वेळी मला कोणी विचारलं नाही. सांगलीवाल्याने वही काढली, आयडी बघितलं, एलएस बघितलं, आणि म्हणाला, 'ग्रुप बरोबर हाय, पण ग्रुपला लिहायचा डब्ल्यूच नाही. फाइल जन्मतानाच कापून येतोय.' युमास्क. ०२२ होता, ००२ हवा होता. तो शब्द त्याला माहीत नव्हता, जागा त्याने बरोबर दाखवली.

पुढच्या वेळी एसीएल दाखवायचं कबूल करून आलोय. मला स्वतःला ते आधी एकदा बघून जावं लागणार आहे.